ऑनलाइन वर्गानंतर रीपरला इंटरफेस सापडत नाही, आणि तानपुरा चढा वाजतो

षड्जसाधना:

नमस्कार मंडळी. गायनाच्या ध्वनिमुद्रणासाठी मी घरी जो डेस्कटॉप संगणक वापरते, त्यावरील ध्वनियंत्रणेने अलीकडे फारच छळ मांडला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. संगणकावर विंडोज ११ आहे आणि रॅम १६ जीबी आहे. दोन इनपुटांचा एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारे उपकरण) असून त्याला कंडेन्सर माइक जोडलेला असतो. त्याखेरीज ऑनलाइन शिकवणीसाठी घेतलेला वेगळा यूएसबी माइक, वेबकॅमचा स्वतःचा माइक आणि एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरचे स्पीकर असा सगळा गोतावळा एकाच यंत्राला लटकलेला आहे. संध्याकाळी परदेशातील विद्यार्थ्यांचे वर्ग व्हिडिओ कॉलवर होतात आणि त्यानंतर रात्री मी रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्रण करते.

तक्रारी तीन आहेत. पहिली अशी की, वर्ग संपल्यानंतर रीपर उघडले तर ‘ऑडिओ डिव्हाइस उघडता आले नाही’ अशा अर्थाची सूचना येते आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. दुसरी, विलंबित ख्यालासारखे दीर्घ मुद्रण चालू असताना मधूनच ‘चट्’ असा आवाज उमटतो आणि तो मुद्रणातही कायमचा राहतो. तिसरी तक्रार मला सर्वांत चमत्कारिक वाटते. माझी तानपुऱ्याची फाईल काळी चार या पट्टीची आहे, परंतु कधीकधी ती त्याच प्रकल्पात पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधोमध कुठेतरी वाजते. पेटी शेजारीच असल्यामुळे हा फरक मी ताडून पाहिलेला आहे, त्यामुळे तो कानांचा भास नव्हे.

रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये एएसआयओ ड्रायव्हरची यादी उघडली तर तिथे पाच नावे दिसतात: इंटरफेसच्या निर्मात्याचा ड्रायव्हर, मदरबोर्डच्या ध्वनिचिपबरोबर आलेला एक, दुसऱ्या एका संगीत सॉफ्टवेअरने स्वतःहून बसवलेला एक, एएसआयओफोरऑल, आणि मी पूर्वी वापरत असलेल्या व आता घरात नसलेल्या जुन्या इंटरफेसचा एक. विंडोजच्या साउंड पॅनेलमध्ये तर माझा इंटरफेस ‘२-’ असा आकडा आधी लावून दिसतो, तो का ते कळत नाही. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो ध्वनीचा तुकडा) १०२४ पर्यंत वाढवून पाहिला, पण मग हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज इतका मागून येतो की तान घेणे अशक्य होते. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवणे हा उपायही झाला. एका दुकानदाराने संपूर्ण विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला आहे, परंतु त्याआधी येथील जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

फीतकाळ:

विंडोज नव्याने टाकण्याची घाई मुळीच करू नका. तुमच्या तिन्ही तक्रारींची मुळे निरनिराळी असण्याची शक्यता आहे आणि सरसकट सगळे पुसून टाकले तर नेमके काय बिघडले होते ते कधीच समजणार नाही. शिवाय तोच इंटरफेस, तोच कॉलचा कार्यक्रम आणि त्याच सवयी नव्या विंडोजवर आल्या की दुखणे परत हजर होईल.

प्रथम त्या पाच नावांचा उलगडा करतो. एएसआयओ ही स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये पुढे आणलेली पद्धत असून तिचा उद्देश एवढाच की, ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरने विंडोजचा मिक्सर मध्ये न घेता थेट यंत्राशी बोलावे. यादीतील नावे रीपर स्वतः शोधून काढत नाही. ती विंडोजच्या रजिस्ट्रीमधील, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीतील, ‘एचकेएलएम – सॉफ्टवेअर – एएसआयओ’ या जागी नोंदवलेली असतात आणि रीपर ती फक्त वाचून दाखवते. म्हणूनच जुना इंटरफेस घरातून गेला तरी त्याचे नाव यादीतून गेलेले नाही. अशा मृत नोंदी बहुधा निरुपद्रवी असतात, पण एखादे सॉफ्टवेअर सुरू होताना यादीतील प्रत्येक ड्रायव्हर हलवून पाहत असेल, तर ते त्या नोंदीपाशी अडखळू शकते. नोंद हाताने काढायची असेल तर आधी रजिस्ट्रीची ती शाखा एक्स्पोर्ट करून ठेवावी.

तुमच्या कामाचे नाव एकच आहे, आणि ते म्हणजे इंटरफेसच्या निर्मात्याचा ड्रायव्हर. एएसआयओफोरऑल हा स्वतंत्र ड्रायव्हर नसून विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला एएसआयओचा अंगरखा आहे. ज्या यंत्राला निर्मात्याने एएसआयओ दिलेलाच नाही, त्याच्यासाठी तो फार उपयोगी पडतो, परंतु तुमच्या इंटरफेससाठी त्याची गरज नाही. तो निवडलेला असताना संगणकातील जी जी ध्वनियंत्रे चालू दिसतील ती ताब्यात घेऊ पाहतो, आणि एखादे यंत्र दुसऱ्याने आधीच उघडलेले असेल तर त्याच्या पॅनेलवर ‘बियॉन्ड लॉजिक’ असा शेरा येतो. हा शेरा लिहिणाऱ्याच्या विनोदबुद्धीला माझी दाद आहे, पण वापरणाऱ्याला त्यातून काडीचाही बोध होत नाही. तो आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरने बसवलेला ड्रायव्हर असे दोन्ही ‘अ‍ॅप्स’मधून काढून टाका.

आता पहिल्या तक्रारीकडे येतो. लोक याला ड्रायव्हरांचे भांडण म्हणतात, परंतु बहुतेक वेळा दोन ड्रायव्हर भांडत नसून दोन कार्यक्रम एकाच यंत्रावर हक्क सांगत असतात. विंडोज व्हिस्टापासून ध्वनीसाठी वासापी ही व्यवस्था आहे आणि तिच्यात यंत्र दोन प्रकारे उघडता येते: एक सामायिक, ज्यात सर्व कार्यक्रमांचे आवाज विंडोज एकत्र करते, आणि दुसरा एकाधिकाराचा, ज्यात एकाच कार्यक्रमाला यंत्र मिळते आणि बाकीच्यांना दार बंद होते. कॉलची खिडकी बंद केली म्हणजे कॉलचा कार्यक्रम बंद झाला असे नव्हे; तो घड्याळाशेजारच्या चिन्हांमध्ये दडून चालूच असतो आणि कधीकधी यंत्र धरूनही बसतो. पुढच्या वेळी रीपर अडले की संगणक बंद करण्यापूर्वी टास्कबारवर माइकचे चिन्ह दिसते का ते पाहा. त्यावर माउस नेला की माइक कोण वापरत आहे ते नावानिशी समजते. मग त्या कार्यक्रमाला टास्क मॅनेजरमधून पूर्ण बंद करून रीपर पुन्हा उघडा. एवढ्याने यंत्र मिळाले तर चोर सापडला असे समजा.

कायमच्या बंदोबस्तासाठी विंडोजचे डिफॉल्ट आउटपुट मदरबोर्डवर ठेवा, डिफॉल्ट इनपुट यूएसबी माइकवर ठेवा, आणि इंटरफेसला या दोन्हींतून मोकळे करा. साउंडच्या जुन्या पॅनेलमध्ये ‘डिफॉल्ट डिव्हाइस’ आणि ‘डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस’ अशा दोन वेगळ्या नेमणुका असतात. लोक पहिली बदलतात आणि दुसरी विसरतात, आणि कॉलचे कार्यक्रम नेमके दुसरीकडे पाहतात. तिथेच ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा टॅब आहे. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणायचे, अशी निवड तिथे मुळातच केलेली असते. ती बदलून ‘डू नथिंग’ करा, म्हणजे कॉल चालू असताना बाकीचे आवाज आपोआप क्षीण होणार नाहीत.

दशांश:

फीतकाळ यांनी सांगितलेल्याशी सहमत आहे. तिसऱ्या तक्रारीविषयी थोडे गणित मांडतो, कारण तुम्ही पेटीवर ताडून पाहिलेली जागाच रोग सांगते आहे.

सेकंदाला ४४,१०० सॅम्पलची (ध्वनीच्या नमुन्यांची) फाईल ४८,००० च्या दराने वाजवली तर ती १.०८८ पट वेगाने धावते आणि स्वर सुमारे दीड स्वरस्थान, म्हणजे पाश्चात्त्य भाषेत जवळजवळ दीड सेमीटोन, वर सरकतो. काळी चारपासून एक सेमीटोन वर पांढरी सहा आणि दोन सेमीटोन वर काळी पाच. तुमचा तानपुरा या दोहोंच्या मधोमध लागला, यात नवल काहीच नाही. खात्री करून घ्यायची असेल तर तानपुऱ्याचा बरोबर एक मिनिटाचा तुकडा मनगटी घड्याळ लावून वाजवा. तो सुमारे ५५ सेकंदांत संपला तर निदान पक्के झाले.

आता हे घडते कसे, ते पाहू. इंटरफेसच्या आत घड्याळ एकच असते आणि विंडोज व एएसआयओ दोघेही त्याच्याकडूनच दर घेतात. रीपर तसे शहाणे आहे. यंत्राचा दर ४८,००० आहे असे त्याला कळले तर ते फाईल त्या दराशी जुळवून घेते आणि स्वर हलत नाही. म्हणजे तुमच्याकडे दर मध्येच बदलत असावा आणि तो बदल रीपरपर्यंत पोचत नसावा. वर्गाच्या वेळी कॉलचा कार्यक्रम इंटरफेस ४८,००० वर उघडतो, रीपर मागे ४४,१०० च्या समजुतीवर उघडे असते, आणि तिथून पुढे दोघांचा हिशेब चुकतो. याची उलट बाजू अधिक धोक्याची आहे, कारण अशा अवस्थेत केलेले मुद्रण ४४,१०० च्या शिक्क्याने जतन होते आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच उतरलेले व संथ ऐकू येते.

उपाय म्हणून सगळीकडे एकच दर ठेवा. कॉल आणि व्हिडिओ दोन्हींचा वावर असल्यामुळे तुमच्यासाठी ४८,००० योग्य ठरेल. साउंड पॅनेलमध्ये इंटरफेसच्या प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग अशा दोन्ही बाजूंच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये तो दर निवडा, तिथलीच एकाधिकाराची परवानगी काढून घ्या, निर्मात्याच्या पॅनेलमध्येही तोच दर ठेवा, आणि रीपरच्या डिव्हाइस पानावर ‘रिक्वेस्ट सॅम्पल रेट’ला खूण करून ४८,००० लिहा. जुन्या फायली बदलण्याची गरज नाही, त्यांचे रूपांतर रीपर वाजवतानाच करते.

जाता जाता एक सावधगिरीचे सांगतो. यूएसबी माइक आणि इंटरफेस ही दोन्ही यंत्रे एकाच वेळी रीपरमध्ये घेता यावीत म्हणून तुम्ही एएसआयओफोरऑल बसवले असेल, तर तो विचार सोडून द्या. एएसआयओमध्ये एका वेळी एकच ड्रायव्हर चालतो, आणि दोन यंत्रे जोडून घेतली तरी प्रत्येकाच्या घड्याळाचा स्फटिक वेगळा असतो. दोन स्फटिकांमध्ये दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असेल तर मिनिटाला तीन मिलिसेकंदांची तफावत पडते, आणि अर्ध्या तासाच्या ख्यालात ती ९० मिलिसेकंदांवर जाते. दोन तबलजींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकच विलंबित एकताल धरावा, तसा हा प्रकार होतो.

तारांचा गुंता:

वरील दोघांनी ‘चट्’ला हात घातलेला नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

एक गोष्ट आधी वेगळी काढू या. आवाज सतत गुणगुणल्यासारखा असेल तर तो ड्रायव्हरचा नव्हे, तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा आणि बहुधा घरातल्या अर्थिंगचा प्रश्न असतो. तिथे कितीही ड्रायव्हर बदलले तरी उपयोग होत नाही. तुमचा आवाज तुटक, अनियमित आणि मुद्रणात कायम राहणारा आहे, याचा अर्थ बफर वेळेवर भरला किंवा रिकामा झाला नाही. ४८,००० च्या दराने २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद. एवढ्या अवधीत प्रोसेसरने ध्वनीकडे एकदा तरी वळलेच पाहिजे. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी वाय-फाय किंवा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरने त्याला त्याहून अधिक वेळ अडवून धरले की एक ‘चट्’ उमटतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर दहा टक्के दिसत असतानाही हे घडते, आणि त्यामुळेच माणूस चक्रावतो.

हे तपासण्यासाठी लेटन्सीमॉन नावाचे साधन आहे. मुद्रण करताना जी स्थिती असते तीच ठेवून ते पंधरावीस मिनिटे चालू द्या आणि ‘ड्रायव्हर्स’च्या पानावर सर्वाधिक वेळ घेणारा कोण ते पाहा. ‘एनडीआयएस’ हे नाव वर आले तर नेटवर्कच्या ड्रायव्हरवर संशय घ्यावा आणि मुद्रणापुरते वाय-फाय बंद करून तुलना करावी. ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ आले तर ते एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचे नाव आहे. ‘डब्ल्यूडीएफ०१०००’ आले तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, कारण ती अनेक ड्रायव्हरांची सामायिक चौकट आहे आणि तिच्या आडून कोणीही बोलत असू शकतो.

त्याबरोबर पॉवर ऑप्शन्समधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांत जाऊन वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करण्याची परवानगी काढून घ्या, आणि इंटरफेस हबला न जोडता संगणकाच्या मागील बाजूस थेट जोडा. कंडेन्सर माइकची ४८ व्होल्टची फँटम पॉवरही त्याच यूएसबीतून निघत असल्यामुळे हबवर वेबकॅमच्या शेजारी इंटरफेस बसवणे इष्ट नव्हे.

तुमच्या ‘२-’ चे उत्तरही इथेच आहे. यंत्राला स्वतःचा अनुक्रमांक नसेल तर विंडोज प्रत्येक नव्या पोर्टवर त्याला नवे यंत्र समजते आणि जुनी नोंद तशीच राहते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडले की ‘साउंड’ आणि ‘ऑडिओ इनपुट्स’ या दोन्ही शाखांमध्ये फिकट रंगाची भुते दिसतील. इंटरफेस काढून ठेवून ती भुते अनइन्स्टॉल करा, निर्मात्याचा ड्रायव्हरही काढा, संगणक पुन्हा सुरू करा, नवा ड्रायव्हर आधी बसवा आणि मगच इंटरफेस जोडा. हा क्रम महत्त्वाचा आहे. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ २ साठीचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. इंटरफेस आधी जोडला तर विंडोज तोच लावून मोकळे होते, आवाजही येतो, आणि एएसआयओ का चालत नाही हे शोधण्यात संध्याकाळ जाते. मात्र हे सगळे एका दमात करू नका. एक बदल करा, एक मुद्रण करून ऐका, मग पुढचा बदल करा.

षड्जसाधना:

आपणा तिघांचे मनापासून आभार. आतापर्यंत जे झाले ते कळवते.

कॉलचा कार्यक्रम खिडकी बंद केल्यावरही चालूच राहतो, हे माइकच्या चिन्हावरून लगेच दिसले. त्याला पूर्ण बंद केल्यावर संगणक पुन्हा सुरू न करताच रीपरने इंटरफेस उघडला. तानपुऱ्याचा एक मिनिटाचा तुकडा वर्ग चालू असतानाच वाजवून पाहिला, तर तो ५५ सेकंदांवरच संपला. सगळीकडे ४८,००० केल्यापासून तो काळी चार सोडून हललेला नाही. हिडन डिव्हायसेसमध्ये माझाच इंटरफेस अनेकदा फिकट रंगात बसलेला होता, शिवाय जुना इंटरफेसही तिथे होता. ते सर्व काढल्यावर ‘२-’ गेले. ‘चट्’ मात्र वाय-फाय बंद केल्यानंतर खूपच कमी झाला तरी पूर्ण गेलेला नाही. लेटन्सीमॉनमध्ये आता ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचे नाव सर्वांत वर येते आहे.

आता एक नवी अडचण उभी राहिली आहे. इंटरफेस कॉलपासून वेगळा केल्यामुळे विद्यार्थ्यांना माझा आवाज यूएसबी माइकवरून जातो आणि त्यात तानपुरा जवळजवळ ऐकूच येत नाही. वर्गालाही चांगला माइक आणि रीपरमधील तानपुरा देता येईल का, की या दोन्हींपैकी एकच निवडावे लागेल?

फीतकाळ:

तानपुरा नाहीसा होण्यात बिचाऱ्या यूएसबी माइकचा दोष नाही. कॉलच्या कार्यक्रमांतील गोंगाट कमी करणारी यंत्रणा सतत एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजून कापून टाकते, आणि तानपुरा तर अखंडच चालतो. झूममध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ अशी सोय आहे. ती चालू केली की ही कापाकापी थांबते. तुमच्या कार्यक्रमात तशी सोय असेल तर ती शोधा, आणि माइकची पातळी आपोआप बदलणारी खूणही काढून टाका. विद्यार्थिनी मात्र हेडफोन लावून बसली पाहिजे, नाहीतर तुमचा आवाज तिच्या स्पीकरमधून तिच्या माइकमध्ये शिरून तुमच्याकडे परत येईल.

दोन्ही एकत्र चालवणे शक्य आहे, पण ते तुमच्या इंटरफेसच्या ड्रायव्हरवर अवलंबून राहील. पुष्कळ निर्मात्यांचे ड्रायव्हर एएसआयओ आणि विंडोज या दोघांनाही एकाच वेळी यंत्र वापरू देतात, मात्र दोघांचा दर एकच असावा लागतो, आणि ती अट तुम्ही आता पूर्ण केलेली आहे. एकाधिकाराची परवानगी काढलेली असताना रीपर आणि कॉल दोन्ही उघडून पाहा. दोन्हीकडे आवाज पोचला तर तुमचा ड्रायव्हर त्या जातीचा आहे. रीपरमधून निघणारा तानपुरा कॉलमध्ये पाठवायचा असेल तर इंटरफेसला लूपबॅकची, म्हणजे संगणकातून निघणारा आवाज पुन्हा इनपुट म्हणून देणारी, वाहिनी असणे आवश्यक आहे. ती असल्यास निर्मात्याच्या पॅनेलमध्ये दिसेल आणि कॉलमध्ये इनपुट म्हणून निवडता येईल. तशी वाहिनी नसेल तर आभासी केबलचे एखादे सॉफ्टवेअर बसवण्याचा मोह होईल. तो माझ्या मते आवरावा, कारण यादीत पुन्हा एक नाव वाढेल. त्यापेक्षा तानपुरा फोनवर लावून माइकच्या जवळ ठेवणे वर्गापुरते पुरेसे आहे.

रीपरमध्ये प्रेफरन्सेसच्या ‘ऑडिओ’ पानावर, वाजवणे थांबलेले आणि रीपरची खिडकी मागे असताना यंत्र सोडून देण्याची एक खूण आहे. ती लावून ठेवा, म्हणजे वर्गाच्या वेळी रीपर उघडे राहिले तरी कॉलच्या आड येणार नाही.

तारांचा गुंता:

उरलेल्या ‘चट्’विषयी: ग्राफिक्सचा ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घेऊन ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ने बसवा आणि त्याच्याबरोबर येणारा एचडीएमआय ऑडिओचा भाग बसवूच नका, मॉनिटरचे स्पीकर तुम्ही मुद्रणासाठी तसेही वापरत नाही. आधी बसलेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो ‘डिसेबल’ करून ठेवला तरी चालेल. त्यानंतर बफर २५६ वर ठेवून लेटन्सीमॉन पुन्हा चालवा आणि ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा सर्वाधिक वेळ किती भरतो तो आकडा इथे द्या. तो एका मिलिसेकंदाच्या बराच खाली असूनही ‘चट्’ ऐकू येत असेल, तर पुढचा संशय यूएसबीच्या केबलवर घ्यावा लागेल.